काळी म्हैस आणि स्माइलवाला कॅमेरा

बारा फोटो टेबलावर पसरलेले होते आणि बाराही फोटोंत म्हशीच्या कानात दिवा लागला होता.

"दिवा नाही सर, टॅग आहे तो," मी फोनवर म्हणालो.

"टॅग आहे ना? मग नंबर वाचून दाखवा," बुलढाण्याहून आमचे साहेब म्हणाले.

मी चष्मा लावला. चष्मा काढला. फोटो खिडकीकडे धरला.

"सर, पहिला आकडा चार असावा."

"असावा?"

"किंवा नऊ."

मग साहेब म्हणाले, "डॉक्टर, कंपनीनं तुमचे बाराच्या बारा प्रस्ताव परत पाठवले आहेत. नंबर वाचता येत नाही, असा शेरा आहे. येत्या शुक्रवारी योजना बंद होतेय. त्याआधी नवे फोटो पाहिजेत. आणि एक सांगा, हा कॅमेरा निवडला कोणी?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द 'मी' होता.

मी जनावरांचा डॉक्टर. आता रिटायर होऊन मेहकरला असतो, पण तेव्हा संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका दवाखान्यात होतो. त्या वर्षी जनावरांच्या विम्याची योजना आली होती. निम्मा हप्ता सरकार भरणार, निम्मा शेतकऱ्यानं भरायचा. पद्धत सोपी होती. जनावराच्या कानात प्लास्टिकचा पिवळा टॅग मारायचा. लोक त्याला बिल्ला म्हणत. बिल्ल्यावर नंबर. मग मालक, जनावर आणि बिल्ल्याचा नंबर असे तिन्ही एका फोटोत स्पष्ट आले पाहिजेत. कारण उद्या म्हैस मेली, तर मेलेली तीच होती हे कंपनीला कळायला नको का?

बाराजणांच्या यादीत पहिलं नाव होतं कौसल्याबाईचं. एकटी बाई, दोन एकर शेती आणि एक म्हैस. आधीची म्हैस नाल्याकाठी चरताना साप चावून गेली. तिचा विमा नव्हता. पंचनामा मीच केला होता आणि त्या कागदाचा तिला काडीचा उपयोग झाला नव्हता. गळ्यातली पोत मोडून तिनं दुसरी म्हैस घेतली. योजनेचं कळल्याबरोबर ती दवाखान्याच्या पायरीवर सर्वांत आधी येऊन बसली होती. त्यानंतर रोज एकच प्रश्न.

"डाक्टर, कागद आला का?"

"येईल, कौसल्याबाई."

"म्हैस रोज त्याच नाल्यावर जाते, म्हून इच्यारलं."

तर आता कॅमेऱ्याचं सांगतो.

तेव्हा फोनमध्ये कॅमेरे असत, पण त्यातून काढलेल्या फोटोत म्हैस आणि तिच्यामागचा कडब्याचा ढीग यात फरक करणं अवघड जाई. म्हणून कार्यालयाने छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायला मंजुरी दिली. सात हजारांच्या आत. कोणता घ्यायचा ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मीटिंगमध्ये मी बोलून गेलो, "कॉलेजात असताना माझ्याकडे रोलचा कॅमेरा होता." झालं. त्या एका वाक्यावर मी जिल्ह्यातला कॅमेरातज्ज्ञ झालो. माणसानं मीटिंगमध्ये आठवणी सांगू नयेत.

मलकापूरच्या बाजारात जगदीशशेठचं दुकान होतं. मी आणि आमचे परिचर शेषराव नांदुऱ्याला गाडी बदलून तिथे पोचलो. शेषराव पन्नाशीचे. बोलणं कमी, पण बोलले की माणसाला दोन दिवस पुरेल असं. जगदीशशेठनं काचेवर पाचसहा कॅमेरे मांडले आणि एक लालभडक, पानाच्या डबीएवढा पातळ कॅमेरा माझ्या हातात ठेवला.

"चौदा मेगापिक्सेल, डॉक्टरसाहेब! पाचपट झूम. आणि देखो, स्माइल डिटेक्शन. समोरचा माणूस हसला की कॅमेरा आपोआप फोटो काढतो."

मेगापिक्सेल म्हणजे काय, तर फोटो किती ठिपक्यांनी बनलाय त्याचा हिशेब. चौदा मेगापिक्सेल म्हणजे एक कोटी चाळीस लाख ठिपके. ठिपके जास्त म्हणजे फोटो चांगला, असं मी धरून चाललो. म्हणजे पोत्यात दाणे किती ते मोजले, पण दाणा भरलाय की पोचट, ते पाहिलंच नाही. जगदीशशेठ हसले, कॅमेरा चिक् वाजला, स्क्रीनवर जगदीशशेठ! दुकानात ट्यूबलाइट झगझगीत, जगदीशशेठ गोरेपान, अंगात पांढरा सफारी. फोटो बिघडायला जागाच नव्हती.

शेषराव मागून म्हणाले, "साहेब, म्हैस हासते का?"

मी त्यांच्याकडे तुच्छतेनं पाहिलं. एवढंच करून थांबलो नाही. परत आल्यावर खरेदीच्या मंजुरीच्या कागदात कॅमेऱ्याचं वर्णन मी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'हास्य ओळखण्याच्या सोयीसह'.

पहिला फोटो अर्थातच कौसल्याबाईच्या गोठ्यात. ती नवं लुगडं नेसून, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, खांबासारखी ताठ उभी राहिली. आमच्याकडे फोटोला असंच उभं राहतात. लग्नातलेसुद्धा फोटो पाहा, नवरा नवरी पोलीस पाटलासमोर उभे असल्यासारखे असतात. मी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. कॅमेऱ्यात एक पिवळी चौकट कौसल्याबाईच्या तोंडाभोवती लुकलुकत राहिली. मग मला उमगलं. स्माइलची सोय चालू होती आणि कॅमेरा हसण्याची वाट पाहत होता.

ती बंद कशी करायची हे मला माहीत नव्हतं. माहितीपुस्तक दवाखान्यात, खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, न फोडलेलं.

"कौसल्याबाई, जरा हसा."

"काऊन?"

"हसल्याशिवाय फोटो निघत नाही."

"इम्याच्या फोटोत कायले हासू? म्हशीचा इमा हाय का लगन हाय?"

"थोडंसंच."

"पहिली म्हैस मेली तवा तुमी हासले व्हते का? मंग?"

मी एक पाऊल मागे घेतलं, म्हणजे अँगल बदलून पाहावा. त्याच क्षणी म्हशीनं शेपटी फिरवली. ती नेमकी माझ्या चष्म्यावर. मी आणखी एक पाऊल मागे गेलो आणि शेणाच्या पाटीत बसलो. व्यवस्थित बसलो. पाटी माझ्या मापाचीच होती.

शेषरावांना मी नोकरीच्या सहा वर्षांत पहिल्यांदा हसताना पाहिलं. कौसल्याबाईनं पदर तोंडाला लावला, पण तो पुरला नाही. आणि माझ्या हातातला कॅमेरा, ज्याला इतका वेळ हेच पाहिजे होतं, आनंदानं वाजला: चिक्!

पुढे बटणं दाबून दाबून मी ती सोय कशीबशी बंद केली आणि त्या आठवड्यात बारा जनावरांचे फोटो काढले. गोठ्यात अंधार, म्हणून फ्लॅश मारला. कॅमेऱ्याच्या दोन बोटं रुंद स्क्रीनवर सगळे फोटो झकास दिसत होते. त्या स्क्रीनवर सगळंच झकास दिसतं. लग्न जमवताना दाखवतात त्या फोटोसारखं. मी समाधानानं प्रिंट काढून प्रस्ताव पाठवून दिले, आणि मग शनिवारी सकाळी साहेबांचा फोन आला.

फोन ठेवला तेव्हा कौसल्याबाई पायरीवर होतीच. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे कागद नाई येत?"

"येईल. फोटो पुन्हा काढावे लागतील."

"याच कॅमेऱ्यानं?"

रात्रीतून कॅमेऱ्यात अक्कल येणार नव्हती, आणि माझ्यात येण्याची शक्यता त्याहून कमी.

"एक इच्यारू का डाक्टर? हा कॅमेरा घेतानी म्हशीवर लावून पाह्यला व्हता का?"

"दुकानात म्हैस कुठून असणार?"

"मंग कोनावर पाह्यला?"

"जगदीशशेठवर."

ती शेषरावांकडे वळली. "अवो शेषरावभाऊ, आमी अडानी मानसं म्हैस घेतो, तं पह्यले मालकाच्या गोठ्यात जातो. तीन वक्ताचं दूध सोताच्या हातानं काढून पाह्यतो. बोलल्याइतकं भरलं, तं इसार देतो. नाई भरलं, तं राम राम. आन हे शिकले सवरले मानसं दुकानदाराचं तोंड पाहून कॅमेरा घेऊन आले!"

शेषराव म्हणाले, "तोंडही कॅमेऱ्यानंच पाह्यलं."

मला राग यायला हवा होता. पण बाई बरोबर बोलत होती. तीन वेळा दूध काढून पाहायची रीत मला पाठ होती, लोकांना मीच ती सांगत असे. फक्त ती कॅमेऱ्याला लावायची, हे डोक्यात आलं नव्हतं.

रविवारी आम्ही मलकापूरला निघालो. मी, शेषराव आणि कौसल्याबाई. तिला कोणी बोलावलं नव्हतं. "मीबी येतो. तुमी एकटे गेले तं आनखी एक लाल कॅमेरा आनसान," एवढंच म्हणून ती एसटीत खिडकीजवळ बसली. वाटेत मी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक पहिल्यांदा उघडलं आणि नांदुरा येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की आपण बारा फोटोंत बारा नव्हे, एकच चूक बारा वेळा केली आहे.

सोप्या भाषेत सांगतो. कॅमेऱ्याची समजूत अशी असते की जगात सगळं सरासरी सावळं आहे. समोर काळी म्हैस आली की त्याला वाटतं, अरे, अंधार पडला! मग तो फोटो उजळ करतो. म्हैस राखाडी होते आणि तिच्या कानातला पिवळा बिल्ला पांढराफटक. त्यात मी वरून फ्लॅश मारला. प्लास्टिक चमकलं, नंबर गेला. यावर इलाज म्हणजे अधिक-उण्याचं बटण. उणं एक केलं की कॅमेऱ्याला कळतं, बाबा रे, अंधार नाही, म्हैस आहे. आणि दुसरी गोष्ट फुलाच्या चित्राची. त्याला मॅक्रो म्हणतात. ते चालू केलं की जवळची बारीक वस्तू स्वच्छ दिसते. मला झूमचं कौतुक होतं. पण झूम म्हणजे लांबून पाहणं, आणि आम्हाला कान पाहायचा होता, जो हातभर अंतरावर होता.

जगदीशशेठनं हात जोडले. "डॉक्टरसाहेब, विकलेला माल परत घेत नाही. बोर्ड पाहा."

"बोर्ड नाई," कौसल्याबाई म्हणाली, "म्हैस पाहू. शेठ, तुमी म्हनता माल चांगला हाय. मंग गोठ्यात येऊन सोताच्या हातानं फोटो काढून दाखवा. नंबर दिसला तं आमी उगामुगा घरी जातो. नाई दिसला तं बदलून द्या."

"गोठ्यात? मी?"

"तुमचा कॅमेरा गोठ्यात येत नाई, तं आमच्या काय कामाचा?"

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती आणि चौघंही आता कॅमेऱ्यांऐवजी शेठकडे पाहत होती. शेठला हो म्हणावं लागलं. स्टेशनमागे एका गवळ्याचा गोठा होता. बरोबर काय काय न्यायचं ते ठरलं. माझा लाल कॅमेरा, शेठनं सुचवलेला एक चंदेरी, आणि...

"आन थो?" कौसल्याबाईनं काउंटरकडे बोट केलं. बिलांचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक जाडजूड काळा कॅमेरा ठेवलेला होता.

"तो कोणी घेत नाही, मावशी. जाडा आहे. साधे पेन्सिल सेल लागतात त्याला. आणि दहाच मेगापिक्सेल."

"जाडी असली तं म्हैस दूध देत नाई का?"

तोही घेतला.

परीक्षा अशी होती. माझ्या खिशात एक न वापरलेला बिल्ला होता. त्याचा नंबर शेषरावांना दाखवायचा नाही. त्यांना आम्ही बाहेर चहाच्या गाडीवर बसवलं. कौसल्याबाईनं गवळ्याच्या म्हशीचं डोकं कवेत घेतलं, तिच्याशी काहीतरी पुटपुटली आणि बिल्ला कानाला लावून धरला. फोटो काढणार जगदीशशेठ, पांढऱ्या सफारीत. तीन जागा: गोठ्याच्या आत, दारातल्या सावलीत आणि उन्हात. तीन वक्तं.

लाल कॅमेऱ्याचं बटण शेठनं दाबलं. या स्वस्त कॅमेऱ्यांचा आणखी एक गुण असतो. बटण दाबलं की ते आधी विचार करतात. तेवढ्यात म्हैस कान हलवून मोकळी होते. शेठनं चार वेळा दाबलं, चार वेळा नुसताच हललेला कान आला. पाचव्या वेळी मी म्हणालो, "शेठ, उणं एक करा." ते उणं एक मेनूच्या पोटात, त्याच्याही पोटात. सापडेपर्यंत म्हशीनं शेठच्या बाहीवर आपलं मत नोंदवलं होतं.

जाड्या कॅमेऱ्याला अधिक-उण्याचं बटण वरच, अंगठ्याखाली होतं. फुलाचं चित्रही वरच. दाबलं की लगेच चट्.

दुकानात परत येऊन फोटो कॉम्प्युटरवर लावले आणि शेषरावांना बोलावलं. ते लांब उभे राहिले. लाल कॅमेऱ्याचा फोटो पाहून म्हणाले, "कोनीतरी लाइट लावला वाटते." चंदेरीचा पाहून, "धुकं पडलं." जाड्याचा फोटो आला आणि ते एसटीचा नंबर वाचावा तसे सलग सहा आकडे वाचत गेले. सावलीतला, उन्हातला, गोठ्यातला. तिन्ही.

मी खिशातून बिल्ला काढून शेठसमोर ठेवला.

जगदीशशेठ माणूस दिलदार. शब्दाला जागले. बाही पुसत म्हणाले, "मावशी, तुम्ही दुकानात बसता का? निम्मी भागीदारी देतो." जाडा कॅमेरा लालपेक्षा स्वस्तच होता. फरकात चार्ज होणारे चार सेल आणि नवं कार्ड मिळालं. सेलचं महत्त्व मला तेव्हा कळलं. आमच्याकडे वीज दिवसातून कधी जाईल याचा नेम नव्हता. लाल कॅमेऱ्याची बॅटरी संपली की तो मोबाइलच्या खोक्यासारखा गप्प. याचे सेल चार्ज नसले, तरी पानठेल्यावर साधे मिळत. पटकन संपत, पण वेळ भागत असे.

साहेबांना फोन केला. "सर, कॅमेरा बदललाय. मंजुरीत थोडी दुरुस्ती लागेल."

"काय दुरुस्ती?"

"हास्य ओळखण्याची सोय... ती वगळायची."

"ती मागितली कशाला होती?"

"सर, आता काय सांगू?"

"डॉक्टर," साहेब म्हणाले, "ऑडिटवाले विचारतील तेव्हा हेच उत्तर द्या."

सोमवार ते बुधवार आम्ही अकरा जनावरं पुरी केली. फ्लॅश बंद, फूल चालू, उणं एक. अकरा नंबर मोत्यासारखे. कौसल्याबाईचा गोठा गुरुवारी सकाळी, शेवटी ठेवला होता. आता हात बसलाय, हिचा फोटो सगळ्यांत झकास काढू, असं मनात होतं. काढलाही. प्रिंट आली तेव्हा शेषरावांनी ती उलटसुलट पाहिली.

"साहेब, मालकीन कोठी हाय?"

नंबर इतका सुरेख आला होता की बिल्ल्यावरचा ओरखडासुद्धा दिसत होता. फक्त कौसल्याबाईचं डोकं गळ्याच्या वर कापलं गेलं होतं. मी कानाकडे पाहत होतो. कौसल्याबाई ताठ उभी होती. आणि आता गुरुवारचे चार वाजले होते. उद्या सकाळच्या गाडीनं पाकीट गेलं नाही, तर ती एकटीच योजनेबाहेर. यादीत पहिलं नाव तिचं, कॅमेराही तिनंच निवडलेला, आणि राहणार तीच!

आम्ही मोटरसायकल काढली. ती दूध काढायला बसलीच होती. मी अडखळत सगळं सांगितलं. मागे सरकलो तर नंबर बारीक होतो, पुढे गेलो तर तुम्ही कापल्या जाता.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मंग मी खाली येतो. कान काय वर जानार हाय?"

तिनं म्हशीच्या मानेखालून हात घातला आणि आपला गाल तिच्या कानाला लावला. रोज दूध काढताना तिच्या कुशीला लावत असेल तसाच, सवयीनं. म्हशीनं डोळे अर्धे मिटले. कान हलला नाही. दारातून कलतं ऊन येत होतं. मी उणं एक केलं, फूल लावलं, आणि बटण दाबणार, तेवढ्यात शेषराव मागून म्हणाले, "साहेब, मांग पाटी हाय."

कौसल्याबाईला हसू आवरलं नाही. चट्.

त्या कॅमेऱ्याला हास्य ओळखता येत नव्हतं. पण फोटोत ते आलं होतं. शेजारी पिवळा बिल्ला, सहा आकडे, एकही पुसट नाही.

शुक्रवारी पाकीट पोचलं. पंधरा दिवसांनी बाराही कागद आले. कौसल्याबाईनं आपला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कणगीत ठेवला. तो तिला कधी बाहेर काढावा लागला नाही. म्हैस पुढे नऊ वर्षं जगली, पाच वेळा व्याली आणि त्याच नाल्यावर चरत राहिली. विम्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

आता पुतणे, शेजारी कोणी कोणी विचारतात, "काका, कॅमेरा कोणता घेऊ?" मी मेगापिक्सेल विचारत नाही. विचारतो, "फोटो कशाचा काढायचाय? ते घेऊन दुकानात जा. नेता येत नसेल तर दुकानदाराला तिथे ने. तीन वेळा काढून बघ, आणि मगच इसार दे."

गडबडीत मी लाल कॅमेरा परत दिला, पण त्यातलं कार्ड काढायचं विसरलो. ते जगदीशशेठच्या हाती लागलं. पुढच्या वेळी मलकापूरला गेलो, तर दुकानात त्याच कॅमेऱ्याच्या वर हातभर मोठा फोटो लटकत होता. शेषराव पोट धरून हसतायत, कौसल्याबाईचा पदर तोंडावरून निसटलाय, दोघांच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक दात स्वच्छ. चौदा मेगापिक्सेल कारणी लागले होते. खाली पाटी: 'स्माइल डिटेक्शन. खात्री करून घ्या.'

मी त्या फोटोत नाही. डाव्या कोपऱ्यात फक्त माझा एक बूट आहे, तळवा वर.